लव्हाळे तपासून बरोबर आढळले

माणूस निसर्गाकडे वळतो तो आतल्या ओढीने, असं म्हणतात. आयुष्याच्या उतरणीवर त्याला एकाएकी जाणवतं, की इतकी वर्षं आपण नुसते चालत आलो, पायाखाली काय आहे हे कधी पाहिलंच नाही. आणि मग तो नम्र होऊन जमिनीकडे वाकतो. निरीक्षक वाकले ते सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तोंडातून एक वाक्य निसटलं म्हणून. नम्रतेचा त्यात काही संबंध नव्हता. ती नंतर आली, आणि तीही चिखलातून.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. दुकानादुकानांतून तराजू, काटे आणि मापं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर जप्तीचा कागद करायचा, ही त्यांची सत्तावीस वर्षांची नोकरी. ही नोकरी संध्याकाळी सुटते यावर त्यांचा विश्वास नव्हता. घरी दुधाची पिशवी आली की ती आधी मापात ओतली जायची, मग पातेल्यात. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत. बायको 'अहो' म्हणे. पण त्या 'अहो'लाही अलीकडे सरकारी वास येऊ लागला होता.

इमारतीच्या मागच्या बाजूला नगरपालिकेची एक ओली जागा होती. दोन बॅडमिंटन कोर्टं मावतील एवढी. तिथे बारा महिने पाणी असे आणि त्या पाण्यात कमरेइतकं हिरवं काहीतरी माजलेलं असे. निरीक्षकांनी त्या जागेकडे अकरा वर्षांत दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा वाळत घातलेला टॉवेल खाली पडला होता म्हणून. बायकोचं मात्र तसं नव्हतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने तिला मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसणं भाग पडलं. त्या हिरव्यात एक पाणकोंबडी राहायची. बायको तिच्यावर लक्ष ठेवून असे. पिल्लं झाली तेव्हा तिने निरीक्षकांना ऑफिसात फोन करून सांगितलं, की चार आहेत. त्यांनी विचारलं, "चार काय?" आणि मोजणी चालू होती म्हणून फोन ठेवला.

तर सोसायटीने ती जागा नगरपालिकेकडून पार्किंगसाठी मागितली. सभेच्या दिवशी निरीक्षक बूट चढवत असताना बायको खुर्चीतूनच म्हणाली, "अहो, तेवढं राहू द्या म्हणावं त्यांना."

सव्वीस वर्षांच्या संसारात तिने काही मागितल्याचं निरीक्षकांना आठवेना. जे लागेल ते ती स्वतःच जाऊन आणायची. त्यामुळे सभेत सचिव उठून म्हणाले, "जागेवर काही नाही, नुसतं गवत आहे," तेव्हा निरीक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "ते गवत नाही."

सभा चकित झाली. सर्वांत जास्त चकित निरीक्षक झाले. हे वाक्य आपल्या तोंडात कुठून आलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

"मग काय आहे?" सचिवांनी विचारलं.

"तपासून सांगावं लागेल," निरीक्षक म्हणाले. या उत्तराने सत्तावीस वर्षांत त्यांना कधी दगा दिला नव्हता.

"तपासा ना. हरकतीला तीस दिवसांची मुदत आहे. नगरपालिकेला यादी लागते, काय काय उगवलंय त्याची. खाली जाणकाराची सही. यादी आली तर पाहणी होईल. नाही आली तर आम्ही गवत धरून चालतो." सचिव बसले. सचिवांकडे दोन गाड्या होत्या आणि तिसरीचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांना सुरुवात झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, की गवत न ओळखता येणं हा पायाच कच्चा राहिल्याचा परिणाम आहे, आणि पाया त्यांच्या शाळेत पक्का करून घेत असत. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडचा छोटा आरसा आणि आकडीची सळई दिली. "कुठल्याही गोष्टीच्या आत पाहायचं तर याच्यासारखं काही नाही," असं ते म्हणाले, आणि जाता जाता निरीक्षकांच्या मागच्या दाढेबद्दलही दोन शब्द बोलले. त्यांना त्या दाढेची काळजी फार वर्षांपासून होती.

उपयोगाची माहिती शेवटी बायकोने काढली. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर कॉलेजातल्या एक बाई हौशी लोकांना वनस्पती दाखवतात, हे तिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून शोधलं. निरीक्षक पोहोचले ते इस्त्रीच्या शर्टात, खिशात व्हर्नियर कॅलिपर घेऊन. दाढीच्या ब्लेडची जाडीसुद्धा सांगणारं ते उपकरण. बाकीची मंडळी मळक्या टोप्यांत होती. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, पण आवाज वर्ग सांभाळणारा.

निरीक्षकांनी मागच्या जागेतली एक काडी पिशवीतून काढून पुढे केली. बाईंनी ती पाहिलीसुद्धा नाही. नुसती चिमटीत धरून फिरवली आणि म्हणाल्या, "लव्हाळा."

"तुम्ही न पाहता सांगितलंत."

"पाहायचं नसतं, काका. फिरवायचं असतं. गवताचा दांडा गोल आणि पोकळ. याचा त्रिकोणी आणि भरीव. बोटांना तीन कडा लागतात. बघा."

निरीक्षकांनी बोटांनी काही बघितलं नाही. बोटाचा अंदाज हा दुकानदारांचा युक्तिवाद असतो, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कॅलिपर काढला आणि तिन्ही बाजू मोजल्या. दोन पूर्णांक तीन, दोन पूर्णांक तीन, दोन पूर्णांक तीन. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. इतका प्रामाणिक त्रिकोण त्यांना कुठल्याही दुकानात मिळाला नव्हता. म्हणजे ते गवत नव्हतं. म्हणजे सभेत आपण खरं बोललो होतो. हे त्यांना तेव्हा प्रथम कळलं.

"झालं तर मग," ते म्हणाले. "यादीत लिहितो, लव्हाळा."

"कुठला लव्हाळा?"

"म्हणजे?"

तर लव्हाळा हे एका झाडाचं नाव नव्हतं. ते एक अख्खं घराणं होतं, आणि त्या घराण्यात शेकड्यांनी माणसं होती, सगळी एकाच तोंडवळ्याची. बाईंनी तळ्याच्या काठावर अर्ध्या तासात नऊ दाखवले. निरीक्षकांना नऊही वेळा तोच एक दिसला. दहावा बाईंनी हातात दिला तेव्हा त्यांनी फिरवून पाहिला आणि अधिकाराने म्हणाले, "हे गवत. दांडा गोल आहे."

"हाही लव्हाळाच."

"पण गोल आहे."

"असतात काही गोल."

"मग नियम कसला?"

"नियम आहे की. त्यांनी वाचलेला नाही," बाई म्हणाल्या.

मळक्या टोप्या हसल्या. निरीक्षकांनी वहीत लिहिलं: 'नियमास अपवाद. कारण दिलेले नाही.'

त्याहून वाईट बातमी पुढे होती. कुठला लव्हाळा हे पक्कं ठरवायचं तर पिकलेलं बी लागतं. ते भिंगाखाली धरून चपटं की तीनधारी, काळं की तपकिरी, गुळगुळीत की खरखरीत हे पाहायचं. निरीक्षकांच्या जागेतले लव्हाळे नुकते कुठे फुलावर येत होते. बाईंच्या हिशेबाने बी पिकायला साडेतीन आठवडे. मुदतीचे सव्वीस दिवस उरले होते. जगात दुसऱ्या कुणाला लव्हाळ्याचं बी पिकण्याची अशी घाई झाली असेल, असं वाटत नाही.

वाट पाहणं निरीक्षकांच्या स्वभावात नव्हतं. नोंद ठेवणं होतं. म्हणून ते रोज सकाळी ऑफिसच्या आधी मागच्या जागेत उतरू लागले. पाण्यात एक काठी रोवली, तिला शाळेतली फूटपट्टी बांधली आणि पाण्याची पातळी रोज वहीत लिहिली. कशासाठी, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. मोजता येण्याजोगी गोष्ट न मोजता सोडणं त्यांना जमत नसे, एवढंच. लॅटिन नावं तोंडात बसेनात म्हणून त्यांनी तात्पुरती स्वतःची नावं ठेवली. मान खाली घालून उभा असायचा तो 'हेडक्लार्क'. हात लावला की बोट कापायचा तो 'ऑडिट'. एकाला मातीत गाठी होत्या. कितीही उपटला तरी चार दिवसांत पुन्हा हजर. त्याचं नाव 'मेव्हणा'.

वही बायकोच्या हातात पडली. "मेव्हणा: बोलावल्याशिवाय येतो, जागा धरली की सोडत नाही," तिने मोठ्याने वाचलं. "हे माझ्या भावाबद्दल आहे का?"

"ते लव्हाळ्याबद्दल आहे."

"बरोबर लिहिलंय पण," ती म्हणाली आणि पान उलटलं.

नवव्या दिवशी अपमान झाला. हेडक्लार्कच्या फुलोऱ्याखाली किती पानं फुटतात हे उभ्याने दिसेना म्हणून निरीक्षक काठाच्या चिखलात पोटावर आडवे झाले आणि डॉक्टरांचा आरसा आत घातला. दृश्य इतकं चांगलं होतं की ते वीसेक मिनिटं हलले नाहीत. त्या वीस मिनिटांत पलीकडच्या रस्त्यावरून एका बाईंना लव्हाळ्यांतून बाहेर आलेले दोन पाय दिसले. पुढचं सगळं व्यवस्थित पार पडलं. माणसं धावली, पायांना धरून निरीक्षकांना बाहेर ओढलं, पालथे होते ते उताणे केले, आणि एका धिप्पाड गृहस्थांनी त्यांच्या छातीवर दोन्ही पंजे ठेवून दाबायला सुरुवात केली. "मी ठीक आहे" हे म्हणायला हवा लागते आणि ती ते गृहस्थ बाहेर काढत होते. शेवटी सचिव आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सोडा त्यांना. ते अभ्यास करतायत." ते 'अभ्यास' निरीक्षकांना छातीपेक्षा जास्त दिवस दुखलं.

वर खिडकीत बायको उभी होती. ऑपरेशननंतर ती काठीशिवाय उभी राहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. "पाणकोंबडी घाबरली ना," एवढंच ती म्हणाली. पण त्यांच्या छातीला मलम लावताना तिचा हात नेहमीपेक्षा हलका होता.

नमुने वाळवण्याचं प्रकरण त्या मानाने शांततेत झालं. ते वर्तमानपत्रांत घालून वजनाखाली दाबावे लागतात. ऑफिसात वीस किलोची प्रमाणित लोखंडी वजनं पडून होती, पण सरकारी वजन खासगी लव्हाळ्यावर ठेवणं निरीक्षकांना पटेना. त्यांनी गठ्ठा एका स्टुलावर ठेवला, वर शब्दकोश आणि वर उशी. संध्याकाळी मुख्याध्यापिका सल्ला द्यायला आल्या आणि त्या उशीवर बसल्या. सल्ला दोन तास चालला. तळ्यावरच्या बाईंनी पुढे ते नमुने पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, की इतके सपाट नमुने कॉलेजातही होत नाहीत.

पंचविसाव्या दिवशी बी पिकलं. रविवार होता. निरीक्षकांनी जागेतल्या सातही प्रकारच्या बारीक बिया लिफाफ्यांतून तळ्यावर नेल्या आणि बाईंसमोर एकेक बी भिंगाखाली ठेवलं. यावेळी सांगायचं त्यांनी होतं. त्यांनी कॅलिपर खिशातून काढला नाही. दांडा चिमटीत फिरवला, बी पाहिलं, नाव सांगितलं. दुसरं. तिसरं. सहाव्याला अडखळले, पुन्हा बी पाहिलं आणि सुधारलं. सातही झाले तेव्हा बाईंनी भिंग त्यांच्या हातात दिलं.

"काका, आमची एम.एस्सी.ची मुलं पाचावर थांबतात."

सत्तावीस वर्षांत निरीक्षकांनी हजारो वस्तूंवर 'तपासले, बरोबर आढळले' असा शिक्का मारला होता. त्यांच्यावर तो कुणीतरी मारण्याची ही पहिली वेळ. ते तळ्याकडे तोंड करून बराच वेळ भिंग पुसत राहिले.

बाईंनी यादीखाली सही केली. "नावं आहेत, नमुने आहेत, सही आहे. एवढं पुरेसं आहे. आता यात भर घालू नका," त्या म्हणाल्या. निरीक्षक बरं म्हणाले.

सोमवारी नगरपालिका. हरकतीच्या छापील अर्जात चार रकाने होते: झाडाचे नाव, संख्या, जमिनीपासून एक मीटर उंचीवर बुंध्याचा घेर, शेरा. निरीक्षकांनी पहिला भरला आणि बाकीचे कोरे ठेवून खिडकीत दिला.

"रकाना रिकामा चालत नाही," कारकून म्हणाला. "एक मीटरवर घेर किती?"

"एक मीटरवर हवा आहे. ही झाडं त्याच्या आतच संपतात."

"हवा चालणार नाही. सेंटिमीटरमध्ये लिहा. आणि संख्या?"

संख्या निरीक्षकांकडे होती. लाकडी चौकट टाकून, आतले दांडे मोजून, क्षेत्रफळाने गुणून त्यांनी ती काढली होती. एकतीस हजार सहाशे.

कारकुनाने चष्मा वर केला. "एवढी झाडं म्हणजे जंगल. जंगलाची खिडकी नऊ नंबर."

घेराच्या रकान्यात निरीक्षकांनी शून्य लिहिलं. नऊ नंबरने तो घेर पाहिला आणि दहा सेंटिमीटरच्या आतलं जंगल आपण घेत नसल्याचं सांगून परत पाठवलं. एक दिवस गेला. मंगळवारी पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने यादी बोटाने वाचत आणली आणि मध्येच थांबला. "हा मेव्हणा कोण?" कच्च्या यादीतलं नाव पक्कीत उतरलं होतं. निरीक्षकांनी खोडलं, लॅटिन घातलं, खोडल्यावर सही केली. "अर्जदाराचे नातेवाईक जागेवर राहतात का, हे विचारावं लागतं," कारकून समजुतीने म्हणाला. "आता शेरा तेवढा भरा. रिकामा नको."

शेऱ्यात 'काही नाही' लिहितात. सगळे लिहितात. निरीक्षकांनी स्वतः सत्तावीस वर्षं लोकांकडून तसंच लिहून घेतलं होतं. पण हातात पेन होतं, खिशात वही होती, आणि सातच्या सात नावं बरोबर आल्याला अजून दोनच दिवस झाले होते. त्यांनी टेबलापाशी बसून एकोणीस ओळी लिहिल्या. त्यात त्यांनी सांगितलं, की वरीलपैकी दोन लव्हाळे बारमाही पाण्यातच जगतात, सबब ही जागा बारमाही पाणथळ आहे. पुराव्यादाखल तेवीस दिवसांच्या पातळीचा तक्ता जोडला. एवढं कडक ऊन असूनही या काळात पातळी एक मिलिमीटरनेही हललेली नाही, हे त्यांनी अधोरेखित केलं. दोनदा.

पाहणी आठवड्यात झाली. वनस्पतीवाले कुणी आले नाहीत. पाणीपुरवठ्याचे अभियंते आले, हातात एक लांब सळई घेऊन. ती जमिनीत खुपसून त्यांनी टोकाला कान लावला आणि मग निरीक्षकांचा हात हातात घेतला.

"तक्ता तुमचा का? काय काम केलंत, साहेब. या भागातलं पाणी कुठे मुरतंय, आम्ही पाच वर्षं शोधतोय. डबकं असं वागत नाही हो. ऊन पडलं की ते उतरतं. तेवीस दिवस मिलिमीटर न हलणारं पाणी म्हणजे फुटका पाइप."

दुपारी खड्डा खणला. सांधा बदलायला पावणेदोन तास लागले.

तिसऱ्या आठवड्यात हेडक्लार्क वाळला, मग ऑडिट. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन एका सकाळी रस्ता ओलांडून गेली; बायकोने ती नजरेआड होईपर्यंत पाहिली. महिन्याने दोन पत्रं एकाच दिवशी आली. एकात पाणीपुरवठा खात्याने काटेकोर निरीक्षणाबद्दल आभार मानले होते. दुसऱ्यात लिहिलं होतं, की हरकतीत नमूद केलेल्या वनस्पती फेरपाहणीच्या दिवशी जागेवर आढळल्या नाहीत, सबब हरकत निकाली काढण्यात येत आहे.

निरीक्षकांनी दोन्ही पत्रं स्वतःच बायकोपुढे ठेवली. दडवणं त्यांना येत नव्हतं.

तिने ती दोनदा वाचली. "शेऱ्यात काय लिहिलं होतंत?"

त्यांनी नक्कल आणून दिली. तिने एकोणीस ओळी सावकाश वाचल्या, तक्ता पाहिला, अधोरेखित केलेल्या ओळीवर जरा थांबली.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली.

"मी नुसतं 'काही नाही' लिहायला हवं होतं."

"सातही नावं बरोबर होती ना?"

"सातही."

"मग झालं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढत पुढच्या खिडकीशी घेऊन गेली. निरीक्षक मदतीला उठले, तेव्हा तिने हाताने बसा म्हटलं.

पार्किंग दोन महिन्यांत झालं. सचिवांनी जागांचे नंबर पाडले आणि नकाशा फलकावर लावला. त्यात प्रत्येक जागा अडीच मीटर रुंद दाखवली आहे. एका रविवारी सकाळी कुणी नसताना निरीक्षक टेप घेऊन खाली उतरले. सचिवांची जागा अडीच मीटरला सहा सेंटिमीटर जास्त भरली, शेजारच्या दोन्ही तीन-तीन कमी. हे त्यांनी कुणालाही कळवलेलं नाही.